कै. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे राज्ये मिळविणारे, रणांगणे गाजविणारे, अगर अफाट संपत्ती जोडून ती दानधर्मात वेचणारे असे पुरुष बहुधा आपल्या दृष्टीसमोर उभे राहतात. त्यांची योग्यता कमी लेखावी असा आमचा हेतू मुळीच नाही. तथापि थोरपणाची आणखी एक जात आहे. ती ओढ्याच्या काठी, कुजक्या लाकडापाशी, शेवाळलेल्या दगडापुढे गुडघे टेकून बसते. ज्याकडे येणारेजाणारे ढुंकूनही पाहत नाहीत ते मन लावून पाहते. आणि जे दिसले तेवढेच, पदरचे काही न घालता, जगास सांगते. आज आम्ही ज्यांचे अल्प चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्याच जातीचे थोर पुरुष होते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था पुष्कळांस नावाने ठाऊक असते. परंतु ते नाव ज्यांचे, त्यांचा जीवनक्रम फारच थोड्यांस ठाऊक असतो. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस तो उपयोगी पडेल अशा भरवशाने हा लेख लिहिला आहे.

शंकररावांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची रांग, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांच्या वाड्या व भातखाचरे, असा तो मुलूख आहे. पुढील आयुष्यात ज्या शास्त्राची त्यांनी सेवा केली त्यास लागणारी सारी सामग्री विधात्याने ह्या भूमीत जणू अंथरूनच ठेविली आहे. शालेय शिक्षण संपल्यावर शंकरराव मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले, मुंबई विद्यापीठाच्या पदव्या त्यांनी संपादन केल्या, आणि त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविण्याचे काम त्यांजकडे आले.

ज्यास कायमची नोकरी लाभली त्याने वर्गात पाठ द्यावे, परीक्षांचे कागद तपासावे आणि सुट्टीत विश्रांती घ्यावी, हा जगाचा सरळ मार्ग होय. आघारकरांनी सुट्टीचा निराळा उपयोग केला. ते सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडत, वनस्पती गोळा करीत, आणि पाण्यातील जीव बाटल्यांत भरून आणीत. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. परंतु सृष्टीने वनस्पती आणि प्राणी असे दोन वेगळे वर्ग भरविलेले नाहीत, हे ते जाणून होते. ह्या भटकंतीतच त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात पोहोचविणारी गोष्ट घडली.

ती गोष्ट नीट समजण्यास प्रथम एका प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे. कोकणच्या लोकांस समुद्रातील जेलीफिश नवा नाही. नावात फिश असला तरी तो मासा नव्हे. त्यास हाड नाही, मेंदू नाही, रक्तही नाही. शरीराचा बहुतेक सर्व भाग पाणीच असतो. उघडलेल्या छत्रीसारखे त्याचे अंग, छत्रीच्या दांड्याच्या जागी तोंड, आणि कडेने लोंबणारे बारीक दोरे. त्या दोऱ्यांत अतिसूक्ष्म डंख असतात. त्यांच्या योगाने तो बारीकसारीक भक्ष्यास जायबंदी करितो. छत्री मिटावी, पाणी मागे ढकलले जावे, आणि प्राणी पुढे सरकावा, अशी त्याची चाल आहे. जेलीफिश म्हटला की समुद्र, असाच पुष्कळ दिवस लोकांचा समज होता. आणि तो समज बराचसा खराही आहे. कारण ह्या प्राण्याच्या बहुतेक सर्व जाती खाऱ्या पाण्यात राहतात.

सातारा जिल्ह्यातील वेण्णा आणि कोयना ह्या दोन नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि कृष्णेस मिळतात. पावसाळ्यात त्यांचे पाणी धोंडे गडगडवीत वाहते. उन्हाळ्यात मात्र प्रवाह तुटतो आणि खडकांमधल्या डोहांत काय ते पाणी उरते. अशा निवांत गोड्या पाण्यात आघारकरांस जेलीफिश आढळले. ते काचेसारखे आरपार दिसणारे आणि एखाद्या लहान नाण्याएवढे होते. आसपासची माणसे त्या डोहांतून पाणी भरीत, गुरे त्यांत बसत, मुले त्यांत पोहत. हा जीव त्या सर्वांच्या अंगाखांद्याशी खेळत होता आणि तरीही कोणासच दिसला नव्हता. समुद्रापासून डोंगराएवढा आडोसा मध्ये असता, गोड्या पाण्यात समुद्राचा हा भाऊबंद आला कोठून?

आघारकरांनी धरलेले नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमकडे गेले. तेथे नेल्सन अॅनन्डेल नावाचे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ मुख्य होते. गोड्या पाण्यातील स्पंज आणि तत्सम बारीक प्राणी हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. १९११ साली त्यांनी ह्या जीवाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९१२ साली, म्यूझियमचेच दुसरे शास्त्रज्ञ ग्रेव्हली आणि आघारकर ह्या दोघांनी मिळून त्या जीवाच्या सवयी व त्याची वसतिस्थाने ह्यांविषयी निबंध छापला. ह्या वेळी आघारकरांचे वय जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते.

ह्या शोधाचे एवढे नवल का वाटावे, असे आमचे बालवाचक विचारतील. त्याचे उत्तर असे. गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यापूर्वी अगदीच अज्ञात होते असे नाही. १८८० साली लंडनच्या एका बागेत, उष्ण देशांतील कमळांसाठी बांधलेल्या हौदात, अशा प्राण्याची एक निराळी जात अचानक दिसली होती. १८८३ साली ब्योम नावाच्या जर्मन प्रवाशास आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसरी एक जात आढळली. हे सरोवर फार प्राचीन व फार खोल. तेव्हा कोणे एके काळी ते समुद्रास जोडलेले असावे आणि समुद्राचे पाणी मागे हटल्यावर हे प्राणी तेथे अडकून पडले असावेत, असा तर्क कित्येक विद्वानांनी बांधला होता. ज्या कुळात ह्या आफ्रिकेतील जेलीफिशची गणना होते ते कूळ आफ्रिकेबाहेर कोठेही नाही, अशीच तोवर समजूत होती. आघारकरांचे डोहातील पाहुणे त्याच कुळातले निघाले. खाऱ्या पाण्यात ज्याचा निभाव लागत नाही असा हा नाजूक जीव आफ्रिकेतही आहे आणि सह्याद्रीतही आहे, आणि दोहोंच्या मध्ये तर सारा अरबी समुद्र पसरला आहे. मग एकाच घराण्याच्या ह्या दोन शाखा दोन खंडांत गेल्या कशा?

योगायोग असा की, त्याच १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर ह्यांनी खंडे एका जागी स्थिर नसून ती एकमेकांपासून सरकत गेली आहेत, असा विचार विद्वानांपुढे मांडला. त्यापूर्वीच झ्यूस नामक ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञांनी दक्षिणेकडील भूभागांच्या एका प्राचीन विशाल खंडाची कल्पना करून त्यास गोंडवन हे नाव दिले होते. आपल्या मध्य हिंदुस्थानातील गोंड लोकांच्या मुलखावरून ते घेतलेले आहे. वेगेनरांची पुष्कळांनी थट्टा केली. परंतु १९६० नंतरच्या संशोधनाने त्यांचे मुख्य म्हणणे खरे ठरले, आणि आपला देश एके काळी आफ्रिकेस जोडलेला होता ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतही शिकविली जाते. मात्र एका लहानशा जीवावरून खंडांच्या इतिहासाचा निकाल लागत नाही. कारण पाणपक्ष्यांच्या चिखलाने माखलेल्या पायांबरोबर बारीक जीव दूरदूर जाऊ शकतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून उतावळेपणाने निकाल न देता पुरावा जमवीत राहणे हाच शास्त्राचा धर्म होय. आघारकरांच्या शोधाने एक भक्कम पुरावा त्या ढिगात घातला. पुढे कोणत्या प्रदेशात कोणते जीव का आढळतात, ह्या प्रश्नासच त्यांनी आपली सारी विद्या वाहिली.

आणखी एक प्रश्न जिज्ञासू मुलांच्या मनात येईल. पावसाळ्यातील लोंढ्यात एवढा मऊ प्राणी टिकतो कसा? गोड्या पाण्यातील जेलीफिशचे आयुष्य दोन रूपांत वाटलेले असते. एक रूप तरंगत्या छत्रीचे. दुसरे रूप दगडास अगर काटकीस चिकटून राहणाऱ्या, मिलिमीटरभर उंचीच्या देठासारख्या जीवाचे. छत्री थोडे दिवस दिसते आणि नाहीशी होते. दगडावरचा तो देठ मात्र कोणाच्या दृष्टीस न पडता टिकून राहतो आणि अनुकूल ऋतू येताच त्यास नव्या छत्र्यांच्या कळ्या फुटतात. मोठ्या डौलाने दिसते ते रूप क्षणभंगुर, आणि वंश चालविते ते रूप दृष्टीआड, अशी ही योजना पाहून निर्मात्याच्या चातुर्यापुढे आमची मान आपोआप लवते.

ह्या सुमारास कलकत्त्यास एक मोठे कार्य आरंभिले गेले होते. विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुकर्जी ह्यांनी विज्ञान महाविद्यालयाची उभारणी चालविली होती. तारकनाथ पालित ह्यांनी त्यासाठी आपली संपत्ती दिली, आणि १९१३ साली प्रसिद्ध कायदेपंडित राशबिहारी घोष ह्यांनी दहा लाख रुपये दिले. घोष ह्यांच्या देणगीतून चार अध्यासने निघाली. ती हिंदी मनुष्यासच मिळावीत असा दात्याचा हेतू होता. त्यांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी निवड झाली ती मालवणच्या आघारकरांची. अध्यासन सांभाळण्यापूर्वी युरोपात अधिक अध्ययन करावे म्हणून १९१४ साली ते जर्मनीस गेले. वनस्पतींचे वर्गीकरण व त्यांचा भूगोल ह्या विषयांत बर्लिनचे आडोल्फ एंग्लर ह्यांच्यासारखा गुरू त्या वेळी दुसरा क्वचितच होता.

परंतु मनुष्य योजितो एक आणि घडते दुसरेच. १९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. इंग्लंड व जर्मनी एकमेकांचे शत्रू झाले आणि जर्मनीत असलेले ब्रिटिश प्रजाजन शत्रुपक्षाचे गणले गेले. आघारकरांच्या देशावर इंग्रजांचे राज्य. त्या राज्यात त्यांस स्वतःचा म्हणून काही अधिकार नव्हता. तरीसुद्धा त्याच राज्याची प्रजा म्हणून त्यांस नजरकैदेत राहावे लागले. १९१७ पर्यंत हे बंधन सुटले नाही. तिशीतली ती वर्षे, मनुष्याच्या कर्तृत्वाचा ऐन भर! परदेश, परभाषा, घरच्या मंडळींपासून हजारो कोसांचे अंतर, आणि आज सुटू की उद्या सुटू ह्याचा थांग नाही. अशा वेळी पुष्कळांचे मन मोडून जाते. ज्या कामासाठी आलो ते होत नाही, तर आता सुटका झाली की घर गाठावे, असे कोणासही वाटले असते, आणि त्यात दोष तरी कोणी दिला असता?

आघारकर सुटले तेव्हा युद्ध संपले नव्हते. बर्लिन शहरात अन्नाची भयंकर टंचाई होती. समुद्रमार्ग बंद पडल्यामुळे तेथील जनता अर्धपोटी दिवस काढीत होती. त्या शहरात, एंग्लर ह्यांच्या हाताखाली, त्यांनी तीन वर्षांपूर्वी खंडित झालेला अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. तेव्हा ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर आले होते. संकटातून सुटका झाल्याबद्दल देवाचे आभार मानणारे पुष्कळ असतात. परंतु सुटल्यावर तेच अर्धे राहिलेले काम उचलून पुरे करणारे थोडे असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचे वर्ष आजाराने अगर घरच्या अडचणीने वाया गेले असेल, तर त्याने चरित्राचा हा भाग दोनदा वाचावा.

त्यांच्या प्रबंधाचा विषय आमच्या तालुक्यातील वाचकांस अगदी घरचा वाटेल. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या व खारवट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती तेथे आल्या कोठून, आणि त्यांच्या बीजांचा प्रसार होतो कोणत्या साधनांनी, हा तो विषय होय. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेचे. येथील माळरानावर चालून आलेल्या मुलास ही साधने पुस्तकात शोधावी लागत नाहीत. रुईचे बोंड फुटले म्हणजे रेशमासारख्या केसांचा झुबका लावून बी वाऱ्यावर निघते. गोखरूचा काटा शेळीच्या खुरात अगर मुलाच्या अनवाणी टाचेत शिरून पुढल्या शिवारात पोहोचतो. आघाड्याची फळे व गवताची कुसळे धोतराच्या काठास आणि मेंढीच्या लोकरीस धरून प्रवास करितात. ज्यास आपण उपद्रव म्हणतो ती त्या वनस्पतीची प्रवासाची तजवीज असते. ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या काट्याकुसळांचा हिशेब मांडून एखाद्या प्रदेशाचा वनस्पती-इतिहास लिहिता येतो, हे आघारकरांनी जाणले होते.

१९२० साली ते स्वदेशी परतले आणि कलकत्त्यास अध्यासनावर रुजू झाले. तेथे त्यांनी १९४६ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, अध्यापन केले. पदार्थविज्ञानात चंद्रशेखर वेंकट रामन आणि रसायनात प्रफुल्लचंद्र राय अशी मंडळी त्या काळी त्याच विज्ञान महाविद्यालयात होती. तेव्हा ह्या मराठी गृहस्थास सहवासही मोठ्या विद्वानांचा लाभला. त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. इंडियन सायन्स काँग्रेसच्या व्यवस्थेचे कष्टाचे काम त्यांनी सांभाळले. १९३५ साली देशातील शास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सभासदांत त्यांची गणना झाली. सभांचे वृत्तांत लिहिणे, पत्रव्यवहार ठेवणे, निबंध वेळेवर छापून घेणे, ह्या कामांत टाळ्या मिळत नाहीत. पण ती करणारा कोणी नसेल तर विद्येचा गाडा चिखलात रुततो.

साठी उलटून गेल्यावर, नोकरीचा भार उतरल्यावर, मनुष्याने गावी जावे, ओटीवर बसावे, नातवंडांस गोष्टी सांगाव्या, हे योग्यच आहे. आघारकर मात्र निवृत्त होऊन पुण्यास आले ते नवे बी पेरण्यासाठी. कलकत्त्यास महेंद्रलाल सरकार ह्यांनी १८७६ साली विज्ञानाच्या संवर्धनासाठी एक संस्था काढली होती. रामन ह्यांचे जगप्रसिद्ध संशोधन तिच्याच प्रयोगशाळेत झाले. तशी संस्था महाराष्ट्रात का नसावी? ह्या विचाराने १९४६ साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही संस्था निघाली. तिचे पहिले संचालक आघारकर झाले, आणि २ सप्टेंबर १९६० रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी तिचे पालन केले. झाड लावणारा म्हातारा त्याची फळे खात नाही, हे त्यास ठाऊक असते. तरी तो आळे करितो आणि पाणी घालितो.

त्या झाडास कोणती फळे लागली ती आता पाहू. संस्थेत बुरशींचा अभ्यास विशेष वाढला. अजरेकर ह्या जुन्या बुरशीतज्ज्ञांच्या नावाने तेथे वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, आणि २००८ पासून जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच ठेविलेला आहे. त्याचप्रमाणे पश्चिम घाटातील शैवाकांचा अभ्यास पुढे ह्याच संस्थेतील डॉ. पटवर्धन प्रभृती संशोधकांनी वर्षानुवर्षे केला. शैवाक हा शब्द अवघड वाटेल; पण ती वस्तू आमच्या प्रत्येक वाचकाच्या घरी आहे. गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते तेच शैवाक होय. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे, आणि ती एक वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शैवल असे दोन निराळे जीव एकत्र संसार थाटतात, त्याचे नाव शैवाक. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेविते आणि दगडास घट्ट पकडते. शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करिते. एकट्यास जेथे क्षणभर राहता येणार नाही, अशा उघड्या कातळावर हे दोघे मिळून दीर्घकाळ नांदतात. त्यांच्या कित्येक जाती वर्षाकाठी फार तर काही मिलिमीटर वाढतात. हवा धुराने विषारी झाली म्हणजे त्यांतील नाजूक जाती प्रथम मरतात. म्हणून शहराची हवा कितपत शुद्ध आहे हे झाडांच्या सालीवरील शैवाके पाहून जाणत्यास सांगता येते. आमच्या मातोश्रींनी मसाला भाजताना दगडफुलाची एक पाकळी मुलाच्या हातावर ठेवून एवढी गोष्ट सांगितली, तर शास्त्राचा एक धडा स्वयंपाकघरातच होऊन जाईल.

पालकांपैकी कोणी म्हणतील की, हे सारे ठीक. पण बुरशी आणि शेवाळ पाहून पोट कसे भरावे? त्यांनी बियाण्याच्या दुकानात गव्हाच्या व सोयाबीनच्या पिशव्यांवरील नावे वाचावी. ज्या वाणांच्या नावाआधी एमएसीएस ही अक्षरे असतात ते वाण ह्याच संस्थेत तयार झालेले आहेत. ती अक्षरे संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. आपल्याच जिल्ह्यात बारामती तालुक्यात होळ येथे संस्थेचे प्रायोगिक शेत आहे. गव्हावर पडणारा तांबेरा हीदेखील एक बुरशीच आहे. जो बुरशीस ओळखत नाही तो तांबेऱ्यास काय आवर घालणार? तेव्हा बारीक जीवांचा अभ्यास हा रिकामपणचा उद्योग नव्हे. आपल्या भाकरीचा संबंध त्याच्याशी पोहोचतो.

आघारकरांच्या चरित्रात नावाविषयीची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. डोहातील जीव त्यांनी शोधला, पण शास्त्रीय नावात त्यांचे नाव नाही. तेथे आपल्या देशाचे नाव आहे, आणि त्यापुढे वर्णन करणाराचे. त्यांची संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव वाचून नवखा मनुष्य फसतो. कारण तो रस्ता समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर ह्यांच्या नावाचा आहे. आणि जी संस्था त्यांनी उभी केली तिलाही त्यांच्या हयातीत त्यांचे नाव नव्हते. ते १९९२ साली, म्हणजे त्यांच्या मरणानंतर बत्तीस वर्षांनी, दिले गेले. नाव मागून आले. काम आधीच होऊन गेले होते. आजच्या काळी लहान मुलांसही आपले नाव झळकावे अशी घाई झालेली असते. ज्यास काम प्रिय आहे त्याने ह्या घाईत पडू नये. नाव येईल तर येईल, न येईल तर केलेले काम कोठे जात नाही.

आता दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठी. शिरूर गावास घोडनदी असेही म्हणतात, ते आपल्या नदीवरून. ही घोडनदी सह्याद्रीतूनच येते आणि पुढे भीमेस मिळते. तीच भीमा दौंडावरून वाहते. कुकडीच्या पात्रात, आपल्या टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज ह्यांच्या दरम्यान, पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. ते पाहावयास आपण सहलीने जातो, खळग्यांची खोली पाहून आश्चर्य करितो आणि डबे सोडून बसतो. ह्यापुढे जाल तेव्हा काठच्या एखाद्या उथळ खळग्यातील पेलाभर पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन भिंगाखाली पाहा. खोल खळग्यांच्या कडेस मात्र कोणी जाऊ नये. तेथे पाय घसरला तर जिवावर बेतते. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर अगर भिजलेल्या पाचोळ्यावर कधी पिवळाजर्द, लिबलिबीत थर दिसेल. त्यास इंग्रजीत स्लाइम मोल्ड म्हणतात. पुष्कळ दिवस लोक त्यास बुरशी समजत. परंतु तो बुरशी नव्हे, आणि वनस्पतीही नव्हे. तो अत्यंत मंद गतीने सरकतो, वाटेतील सूक्ष्म जंतू खातो, आणि कोरड पडू लागली म्हणजे बारीक दाण्यांसारखी बीजे धरून पुढल्या ओलाव्याची वाट पाहतो. सकाळी त्याच्या कडेशी एक काडी रोवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. तो कोठवर सरकला हे तुमचे तुम्हांसच कळेल.

हे करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग, एक वही आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरे. वहीत तारीख लिहावी, ठिकाण लिहावे, वस्तूचा आकार मोजून लिहावा, आणि चित्र काढावे. जे दिसले नाही ते लिहू नये. जे दिसले ते सुंदर नाही म्हणून गाळू नये. वस्तू पाहून झाली म्हणजे तेथेच सोडावी. तिलाही जगण्याचा हक्क आहे. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा अगर मुलगी खिशातून शेवाळाचा तुकडा घेऊन घरी आली तर प्रथम रागावू नये. काय पाहिलेस, असे विचारावे. मग हात धुवावयास लावावे.

वेण्णेच्या डोहात तो पारदर्शक जीव किती युगांपासून उघडमिट करीत होता ते देवास ठाऊक. त्याच्याकडे पाहणारे डोळे हजारो असतील. थांबणारा एकच निघाला. लहानात लहान निर्मितीपुढे असे थांबण्याची सवय आमच्या शाळेतील मुलामुलींस लागो, संकटाने अडविलेले काम पुन्हा उचलण्याचे बळ त्यांस लाभो, आणि ह्या आमच्या कोरड्या तालुक्यातूनही कोणी दुसरे आघारकर निघोत, हीच आमची प्रार्थना आहे.